फळ खरे, म्हणून कर जास्त

ब्रिटनमधल्या आपल्या वाचकांची पत्रे गेले काही महिने एकाच तक्रारीवर येऊन थांबतात. घरापुरती सायडर करणाऱ्याने तिच्यात काय घालावे, याच्याशी सरकारला देणेघेणे नसते. तोच माणूस गावच्या बाजारात बाटल्या मांडू लागला, तरी वर्षाला 70 हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे 7,000 लिटरपर्यंत, त्याला मद्यशुल्क माफ आहे. पण दुसऱ्या आंबवणीच्या वेळी त्याने पिंपात ब्लॅककरंट किंवा रास्पबेरी घातली की कायद्याच्या लेखी ती सायडर उरत नाही. परवानगीचे मोजके घटक सोडले, तर सफरचंद आणि पेअरखेरीज चव किंवा रंग देणारे काहीही पडले की पेय ‘इतर आंबवलेली उत्पादने’ या वर्गात जाते. तिथे 70 हेक्टोलिटरची माफी नाही, आणि दर तर अडीचपट आहे. 1 ऑगस्ट 2023 ला नवी रचना लागू झाली तेव्हा 3.5 ते 8.5 टक्क्यांच्या पट्ट्यात सायडरचा दर शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे 9.67 पौंड होता, तर या दुसऱ्या वर्गाचा 24.77 पौंड. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीवर हा फरक 24 पेनी आणि 62 पेनी असा पडतो. जितके अल्कोहोल तितका कर, हे या रचनेचे जाहीर तत्त्व. दोन्ही बाटल्यांत अल्कोहोल सारखेच असताना ते तत्त्व कुठे जाते, हे कोणी सांगत नाही.

आता कायदा कशाला सायडर मानतो तेही पाहा. 2010 पासून किमान 35 टक्के रसाची अट आहे, आणि तो रस 1033 गुरुत्वाचा असला की पुरे. तो कॉन्सन्ट्रेटपासून केलेला चालतो. उरलेला भाग पाणी आणि साखर असली तरी ती सायडर, आणि तिला कमी दर. याउलट हेरफर्डशरच्या बागेतला डॅबिनेट किंवा किंगस्टन ब्लॅक गाळून, पाण्याचा थेंबही न घालता आंबवलेल्या रसात कुंपणावरची ब्लॅकबेरी पडली, तर ती सायडर नव्हे. त्याहून मोठा विपर्यास असा की ज्याने खरे फळ वापरले आणि ज्याने प्रयोगशाळेतला अर्क ओतला, ते दोघे एकाच खान्यात बसतात. पबमध्ये मात्र गिऱ्हाइकाच्या ग्लासात सायडरवर ब्लॅककरंटचे सरबत ओतण्याची जुनी रीत आहे. ओतणारा हात पिंपाजवळ असला तर कर एक आणि काउंटरमागे असला तर दुसरा, याला करनीती म्हणता येत नाही.

अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. सायडरचा कमी दर सफरचंदाच्या बागा टिकवण्यासाठी आहे. फळांची चव मोकळी सोडली तर रंगीत, गोड, स्वस्त पेयांचे कारखाने त्या दराखाली शिरतील. ही भीती खोटी नाही. पण बागांची काळजी असेल तर मोजायचे ते सफरचंद, आणि 35 टक्क्यांवर समाधान मानणारा नियम त्या कामाला अपुरा आहे. ताज्या गाळलेल्या रसाचे प्रमाण चढे ठेवा, वर केवळ अख्खे फळ किंवा त्याचा रस चालेल असे लिहा, अर्क वगळा. कारखाने आपोआप बाहेर राहतील. दुसरे उत्तर 2023 मध्ये आलेल्या छोट्या उत्पादकांच्या सवलतीचे. ती 8.5 टक्क्यांखालच्या फळमिश्रित पेयालाही मिळते, हे खरे. पण सवलत म्हणजे माफी नव्हे. दोन पिंपे रास्पबेरीची करणाऱ्याला नोंदणी, विवरणपत्रे आणि भरणा चुकत नाही, आणि त्या कागदांचा भार कराच्या रकमेपेक्षा जड होतो. म्हणून तो रास्पबेरीच सोडून देतो.

हे सारे मान्य करूनही आपल्यातल्या काहींना स्पष्ट सांगितले पाहिजे. पिंपात फळ घालून लेबलावर नुसती ‘सायडर’ छापणे आणि माफी घेत राहणे ही कायद्यावरची टीका नव्हे, ती लबाडी आहे. एक जण पकडला गेला की सगळ्यांचा युक्तिवाद पडतो. दुसरा दोष आळसाचा. फळ पहिल्या जोरदार आंबवणीत टाकले की वायूबरोबर निम्मा सुगंध निघून जातो. मग तो भरून काढायला बाटलीत अर्क, आणि अर्काची सायडर घेऊन आपण कुठल्या तोंडाने वेगळी वागणूक मागणार? गुरुत्व 1.000 पर्यंत उतरू द्या, गाळावरून रस काढून घ्या, आणि मगच फळ घाला. ते आधी गोठवून वितळवलेले असावे, म्हणजे पेशी फुटून रस सहज सुटतो. पेक्टिनेज विसरू नका, नाहीतर धुकटपणा जात नाही. हापूसचा डबाबंद रस वापरणाऱ्यांनी तर गाळाचा मोठा वाटा गृहीतच धरावा. फळाची साखर पुन्हा आंबते, तेव्हा गुरुत्व स्थिर होईपर्यंत बाटली भरू नका. चालू आंबवण सॉर्बेटने थांबत नाही, बाटल्या फुटतात. आणि प्रत्येक घाण्याची नोंद ठेवा: रस किती, फळ किती किलो, कोणत्या तारखेला, गुरुत्व आधी किती आणि नंतर किती. अल्कोहोलचा आकडा या नोंदींशिवाय अंदाजच राहतो, आणि अंदाजावर कोणताही अधिकारी नियम बदलत नाही.

ज्यांनी फळमिश्रित सायडर विक्रीसाठी रीतसर नोंदवली आहे आणि ज्यांनी कागदांना कंटाळून ती बंद केली, अशा दोघांच्याही नोंदी आम्हाला हव्या आहेत. घाण्याचे तक्ते, भरलेला कर, त्यापायी खर्ची पडलेले तास, सगळे पाठवा. नावे छापणार नाही. त्या आधारे निवेदन तयार करू. मात्र ते आपापल्या मतदारसंघातल्या खासदाराच्या हाती तुम्हालाच द्यावे लागेल, आणि पुढच्या अर्थसंकल्पाआधी द्यावे लागेल.