गडावरचें अंथरूण

मार्गशीर्ष लागला कीं आमच्या घरांतील तरुण मंडळींस सह्याद्रीचे डोहाळे लागतात. गेल्या वर्षीं आमचा एक पुतण्या मित्रांसमवेत हरिश्चंद्रगडावर मुक्कामास गेला. अंगावर घेण्यास उत्तम, उबदार स्लीपिंग बॅग होती. खालीं मात्र एक पातळ चादर. रात्र कुशी बदलण्यांत सरली, आणि सकाळीं पाचनईच्या वाटेनें उतरतांना झोंपेच्या झापडींत त्याचा पाय मुरगळला. यंदा त्याची धाकटी बहीण प्रथमच निघाली आहे, आणि तिच्या परवानगीचा प्रश्न बंधुराजांच्या त्या घोट्यापाशीं येऊन अडला. आजींचें म्हणणें, घरची कापसाची गादी न्यावी; वडिलांचें म्हणणें, जाऊंच नये. तिच्या हातीं पैसे बेताचे. तेव्हां अंथरुणाची चौकशी करण्याचें काम आमच्याकडे आलें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अंगाखालची थंडी पांघरुणानें जात नाहीं. पांघरुणाची ऊब ही त्यांत कोंडलेल्या हवेची ऊब असते. पाठीच्या भारानें स्लीपिंग बॅगेचा खालचा भाग दबला कीं ती हवा निघून जाते आणि अंगांतली उष्णता थेट दगडांत उतरूं लागते. सुमारें १४२४ मीटर उंचीच्या त्या गडावर पौषांतला कातळ रात्रभर माणसाची ऊब शोषीत राहिला तरी स्वतः कांहीं तापत नाहीं. पुतण्याचें पांघरूण निर्दोष होतें. चुकलें तें अंथरूण.

बाजारांत या कामासाठीं तीन प्रकार मिळतात. पहिली फोमची चटई. ही दिसावयास ओबडधोबड, पण हिच्यांतील हवेचे कोश एकेक बंद असतात. म्हणून ती पाणी पीत नाहीं, फारशी दबत नाहीं, व कांटा रुतला तरी निकामी होत नाहीं. दुसरी तोंडानें अगर पंपानें फुगवावयाची. ती मऊ असते, घडी केल्यावर पिशवींत मुठीएवढी मावते. परंतु आंत नुसती हवाच असेल तर ती हवा खेळती राहून ऊब खालीं नेते, आणि करवंदीच्या एका कांट्यानें मध्यरात्रीं ती जमीनदोस्त होते. सायकलच्या ट्यूबप्रमाणें हिला ठिगळ लावतां येतें खरें, पण अंधारांत भोंक शोधण्याची हौस कोणास असणार? तिसरी, तोंडाची कळ उघडतांच आंतील स्पंजामुळें आपण होऊन बरीचशी फुगणारी. ती सुखाची असते, पण जड व महाग.

पहिलीची किंमत शेंकड्यांच्या हिशेबांत असते. चांगल्या प्रतीच्या इतर दोघी बहुधा हजारांत जातात. सह्याद्रीच्या थंडीपुरतें पाहूं जातां पहिलीनेंच भागतें. हिमालयांत बर्फावर निजावयाचें असल्यास मात्र हिशेब निराळा. तेथें चटईवर लिहिलेला ‘आर’ नांवाचा आंकडा पाहावा. उष्णता अडविण्याची शक्ति तो सांगतो. जितका मोठा, तितकें उत्तम. फोमच्या चांगल्या चटईचा तो दोनाच्या आसपास असतो. बर्फासाठीं चार-पांच तरी हवा. पूर्वीं प्रत्येक कारखानदार आपल्याच मापानें हा आंकडा ठरवी. २०१८ सालीं अमेरिकेंतील एएसटीएम या संस्थेनें मोजण्याची एकच रीत घालून दिली, तेव्हांपासून निरनिराळ्या मालाची तुलना करणें शक्य झालें. शिवाय दोन चटया एकावर एक घातल्या तर त्यांच्या आंकड्यांची बेरीज होते. म्हणून गरिबानें एकदम महाग वस्तु घेण्याची घाई करूं नये.

दुकानांत चटईवर अंगठा जोरानें दाबून पाहावा. खळगा पडून तसाच राहिला तर ती चटई चार मुक्कामांतच पापड होणार. चंदेरी मुलाम्याला भुलूं नये. अंगाखालीं दबल्यावर त्याचा उपयोग फार थोडा. योगासनांची चटईहि या कामीं फसवी. ती घट्ट व वजनदार, आणि त्या मानानें ऊब कमी. लांबी खांद्यापासून ढुंगणापर्यंत पुरली तरी चालते, कारण पायांखालीं रिकामी पाठपिशवी घालतां येते. मात्र जे कुशीवर निजतात त्यांना पातळ फोमवर कमरेचें हाड टोंचतें. त्यांनीं जाडी पाहावी, किंमत मागाहून.

आजींच्या गादीविषयीं आम्हांस बोलणें भाग पडलें. कापूस दंवानें ओला झाला कीं ऊब सोडतो, आणि ती गादी खिरेश्वरहून टोलारखिंड चढवून नेणार कोण? घोंगडीचा विचार मात्र आम्हीं आदरानें केला. लोंकर ओलसर असतांनाहि पुष्कळशी ऊब राखते. परंतु मुलीच्या पाठीला तें ओझेंच. वाळलें गवत अंथरण्याची जुनी युक्ति आतां गडावर करूं नये. तो प्रदेश अभयारण्यांत मोडतो.

शेवटीं फोमचीच चटई आली. आणल्या दिवशीं आम्हीं तिला उलट बाजूनें गुंडाळून ठेविली, म्हणजे पसरल्यावर कडा वर वळत नाहींत. मग गच्चीवरील उघड्या फरशीवर मुलीनें तीन रात्री तिजवर निजून पाहिलें. पहिल्या रात्रीं कंबर अवघडली. दुसऱ्या रात्रीं तिनें कमरेखालीं शालीची घडी घातली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं वडिलांनीं वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतांच विचारलें, “तुमची गाडी किती वाजतां सुटते?”