रविवारची बैठक आता दुपारी

मागच्या दोन रविवारी बैठकीला म्हातारी माणसं आली, बाया आल्या, तरणे पोरगे नाही. सकाळीच डोंगर उतरून बाजाराच्या गावी 'महाभारत' बघायला गेलेले. दुकानाबाहेर उभं राहून बघतात.

आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. १९८७ साली 'रामायण' लागलं तेव्हा आम्ही बोर्डिंगात होतो. सुट्टीत पाड्यावर राहून परत गेलो की सगळी पोरं मालिकेचंच बोलायची, आम्ही गप. "जंगलातून आला काय रे?" लाज वाटायची. तारपा त्यांना कळत नाही, हे तेव्हा सुचलंच नाही.

विजेच्या तारा आमच्या जंगलावरून जातात, पाड्यात खांब नाही. आणि टीव्हीत आदिवासी दिसतो तो २६ जानेवारीला, दिल्लीत नाचताना. प्लॉटच्या मोर्च्यात चालताना नाही. तरी टीव्ही आम्हालाही बघायचाय, खोटं कशाला बोला!

म्हणून बैठक आता रविवारी दुपारी, पोरं परत आल्यावर. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून जमीन कसतो, याचा पुरावा म्हणजे जंगल खात्याच्या दंडाच्या पावत्या. त्या वाचायला शिकलेली पोरंच लागतात. पावत्या घेऊन या. पोरांनी मालिकेची गोष्टही सांगावी, म्हाताऱ्यांना ऐकायचीय.