पत्र्यावरचा धोंडा

साप्ताहिक सदर : गावशीव
वाटसरू

नांदेडहून अर्धापूर ओलांडून वारंगा फाट्याकडे निघालं, की केळीच्या बागांमधून डोंगरकडा लागतं. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. या भागात आभाळाचं भय जुनंच आहे. वावधान सुटलं की घड लागलेली केळ मोडून पडते. जमिनीचं भय मात्र अलीकडचं.

21 मार्च 2024 रोजी पहाटे 6.08 ला जमीन हलली. धक्का 4.5 तीव्रतेचा होता. लोक अंगणात येऊन ‘तुमच्याकडंबी झालं का?’ असं विचारतात न विचारतात तोच 6.19 ला दुसरा धक्का बसला, 3.6 चा. मग 10 जुलैला सकाळी 7.14 ला पुन्हा 4.5. या वेळी केंद्र कळमनुरी तालुक्यातल्याच रामेश्वर तांड्याजवळ होतं. जीवितहानी कुठल्याच वेळी झाली नाही.

अशा सकाळी गावात दोन कामं लगेच सुरू होतात. एक म्हणजे देवाला हात जोडणं. दुसरं म्हणजे कोण कोणत्या अवस्थेत बाहेर पळालं, याची उजळणी. कोण बनियनवर होता, कुणी लेकरांआधी मोबाइल उचलला, कोण कुटुंबाला हाक मारायची विसरला. दुपारपर्यंत पारावर सगळा पंचनामा तयार असतो. महसूल खात्याच्या पंचनाम्याहून तो लवकर होतो, आणि त्यात कुणाचं नाव सुटत नाही.

याला कुणी उथळपणा म्हणू नये. ज्या मराठवाड्यात हे हसू उमटतं, तिथं लातूरकडचं किल्लारीही आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56. आदल्या रात्री गणपती बोळवून दमलेली गावं झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी ती घरं अंगावर आली आणि हजारो माणसं गेली. किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता. तीव्रतेच्या आकड्यात फरक केवळ 1.7 चा दिसतो, पण ऊर्जेच्या हिशोबात तो भूकंप कळमनुरीच्या धक्क्याच्या साडेतीनशे पट भरतो. शिवाय तेव्हाच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता! ‘आपल्याकडं काही होत नसतं’ या वाक्यावरून ज्यांचा विश्वास उडाला, त्यांच्या हसण्यात सुटल्याची जाणीव असते. लातूरकडच्या एखाद्या पाहुण्याचा लगेच फोन येतो आणि ‘सगळे बरे हाव का’ एवढंच विचारून ठेवला जातो. काळजी करायची रीत इथं अशीच, अर्ध्या वाक्याची.

मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनाने एक आवाहन केलं : घरावरच्या पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. आवाहन शंभर टक्के बरोबर होतं. माळवदाच्या तुलनेत पत्रा हलका. तो पडला तरी माणूस वाचण्याची शक्यता जास्त. पण त्यावरचा दहा किलोचा धोंडा डोक्यात पडला तर पत्र्याचा हलकेपणा काय कामाचा? एवढंच की तो धोंडा कुणी हौसेनं वर चढवलेला नसतो. वाऱ्यानं पत्रे उडून शेजाऱ्याच्या हळदीत जाऊन पडू नयेत म्हणून तो तिथं असतो. दगड ठेवावा तर भूकंपाची भीती आणि काढावा तर वादळाची. या पेचावर जो विनोद होतो तो खरा मराठवाडी. कुणी म्हणावं, आधी कोण येणार ते साहेबांनी कळवावं, तसा दगड वर-खाली करू.

गंमत सोडली तर प्रश्न तेवढाच आहे. मार्चमध्ये उतरवलेला दगड एप्रिल-मेच्या वादळी पावसाआधी परत वर जाणार, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ नको. त्याला उपाय आहे आणि तो महागही नाही : पत्रा लोखंडी हुकांनी आणि नट-बोल्टांनी खालच्या अँगलला किंवा वाशाला आवळून बसवायचा, आणि तो अँगल भिंतीत पक्का धरायचा. मग दगड लागत नाही. मात्र ज्याच्या भिंतीच मातीच्या आणि वासे जुने, त्याला हुकांबरोबर गवंडी आणि दोन दिवसांची मजुरीही लागते. आवाहनाच्या पत्रकात हा खर्च नसतो. ग्रामपंचायतीने पावसाळ्याआधी अशा घरांची यादी करून हुक आणि गवंड्याची सोय केली, तर पारावरचा एक चांगला विनोद मरेल. तेवढं नुकसान डोंगरकडा सोसेल.