सुरत : निष्ठावान मतदाराची कोंडी

एकाच पक्षाला जन्मभर मत देणे ही अनेक घरांत वारशाने येणारी गोष्ट. ब्रिटनमध्ये हा वारसा क्षीण होत चालला आहे. १९५१ मध्ये मजूर आणि हुजूर या दोन पक्षांना मिळून सुमारे ९७ टक्के मते पडली होती. २०२४ मध्ये तो वाटा ५७ टक्क्यांवर घसरला. तेथील मतदाराने निदान स्वहस्ते पक्ष सोडला. सुरतमधील काँग्रेसनिष्ठ मतदाराला तीही मुभा मिळाली नाही.

सुरतची निष्ठा एकेकाळी व्यक्तीशी होती. १९५७ ते १९७७ या काळात मोरारजी देसाई येथून पाच वेळा लोकसभेवर गेले. त्यांचे पक्ष बदलले, मतदार बदलला नाही. १९८९ पासून ही जागा भाजपकडे आहे. तरीही २०१५ मध्ये, पाटीदार आंदोलनाच्या काळात, महापालिकेत काँग्रेसचे ३६ नगरसेवक निवडून आले. २०२१ मध्ये एकही आला नाही. नाराज पाटीदार आम आदमी पक्षाकडे वळले आणि त्या पक्षाला २७ जागा मिळाल्या. पुढे त्यांतीलही काही नगरसेवक भाजपमध्ये गेले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर कळसच झाला. अर्जावरील सह्या आपल्या नाहीत, असे सूचकांनीच सांगितल्याने काँग्रेसचे नीलेश कुंभाणी यांचा अर्ज २१ एप्रिलला बाद झाला. पर्यायी उमेदवाराचा अर्जही टिकला नाही. इतर उमेदवारांनी माघार घेतली आणि दुसऱ्याच दिवशी भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. १६ लाखांहून अधिक मतदारांना ‘नोटा’चे बटणही दाबता आले नाही. काँग्रेसने कुंभाणी यांना निलंबित केले, परंतु मतदाराची हुकलेली संधी त्याने परत आली नाही.

गोमंतकीयांना ही व्यथा परकी वाटू नये. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेस उमेदवारांनी पक्ष न सोडण्याची शपथ देवस्थान, खुरीस आणि दर्ग्यासमोर घेतली होती. निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाजपवासी झाले. दोन-तृतीयांश संख्याबळामुळे पक्षांतरबंदी कायदा त्यांच्या आड आला नाही.

दोन्हीकडे मतदार जागेवर राहिला आणि त्याचा प्रतिनिधी निसटला. म्हणूनच एकच उमेदवार उरला तरी ‘नोटा’च्या पर्यायासह मतदान व्हावे, ही मागणी गांभीर्याने घ्यायला हवी. पक्षावर रुष्ट झालेल्या मतदाराला तो रोष नोंदवण्याचा हक्क तरी त्यातून मिळेल.