तीन अक्षरांची दहा नावे

मानवी देहाच्या ज्या अवयवांचे इंग्रजी नाव बरोबर तीन अक्षरांचे आहे, असे दहा अवयव सांगा. हे कोडे जुने आहे. पूर्वी आजोबा ते नातवंडांना घालत. हल्ली नातवंडे आजोबांना घालतात. वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून आपणही प्रयत्न करून पाहावा. आय, इअर, आर्म आणि लेग ही चार नावे बहुधा तत्काळ सुचतात. लिप, हिप आणि टो थोड्या विलंबाने येतात. रिब, जॉ आणि गम यांच्यासाठी मात्र हात बरगड्यांवरून आणि चेहऱ्यावरून फिरवावा लागतो. तसा तो फिरवण्यास कोणाची हरकत नसावी.

एवढ्याशा खेळात मेंदूला दुहेरी काम पडते. अवयव आठवतात ते अर्थाच्या वाटेने. परंतु आठवलेले प्रत्येक नाव अक्षरांच्या मापाने मोजून पाहावे लागते. नोज आठवले, चार अक्षरे भरली, सोडून दिले. फिंगर आठवले, सहा भरली, तेही सोडले. सुचलेले बाजूला सारून पुन्हा शोध घेणे हे मेंदूच्या पुढच्या भागाचे, नियंत्रणाचे काम आहे. वय वाढले तरी शब्दसंपत्ती पुष्कळ काळ टिकून राहते. मंदावतो तो शब्द वर काढण्याचा वेग. म्हणूनच ज्येष्ठांना शब्द ठाऊक असतो, पण घड्याळ लावले की तो ओठांवर अडतो.

मराठी माध्यमात शिकलेल्यांची अडचण आणखी निराळी आहे. आपल्या शब्दकोड्यात एका चौकटीत काना-मात्रेसह अख्खे अक्षर बसते आणि ते बहुतेक उच्चाराप्रमाणेच असते. गुडघ्याला इंग्रजीत म्हणतात ‘नी’. आपल्या कानाला हे एकच अक्षर. इंग्रजीत मात्र चार, आणि त्यांतले पहिले ‘के’ तर उच्चारातच नाही. तेव्हा येथे कानावर विसंबून चालत नाही, शाळेत घोकलेले स्पेलिंग डोळ्यांपुढे आणावे लागते. ज्यांनी ते घोकलेच नाही, त्यांच्यापाशी ते सापडणार कसे?

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. स्मरणशक्तीच्या तपासणीत शब्द सुचण्याची एक चाचणी असते. माँट्रियल येथे तयार झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीच्या मूळ इंग्रजी रूपात ‘एफ’ या अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगावयाचे असतात. 11 किंवा अधिक आल्यास एक गुण मिळतो. ज्या आजींचे सारे आयुष्य मराठीत गेले, त्यांना हा प्रश्न इंग्रजीत विचारला आणि चारच शब्द आले, तर ते त्यांच्या शिक्षणाचे माप होय, आजाराचे नव्हे. अशा वेळी ‘तपासणी मराठीतून करता येईल का?’ असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच मानू नये. मिनिटभरात प्राण्यांची नावे सांगण्याची चाचणीही प्रचलित आहे आणि ती कोणत्याही भाषेत घेता येते. अल्झायमरच्या आजारात अक्षरांवरून शब्द सांगण्यापेक्षा अशी गटातली नावे सांगणे सहसा अधिक बिघडते.

मग कोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो का? तसे वचन कोणी देऊ नये. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सौम्य विस्मरण असलेल्या 107 व्यक्तींपैकी काहींना शब्दकोडी आणि काहींना संगणकावरील बौद्धिक खेळ 78 आठवडे दिले होते. शब्दकोडी सोडवणाऱ्यांची कामगिरी अधिक चांगली राहिली. मात्र काहीच न करणारा गट त्यात तुलनेला नव्हता, हे ध्यानात ठेवून त्या निष्कर्षाकडे पाहावे. माझ्या मते कोड्याचे सर्वांत निश्चित फळ म्हणजे शेजारी येऊन बसणारा माणूस. पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा ‘वर्डल’ हा खेळदेखील जॉश वॉर्डल यांनी मूळचा आपल्या जोडीदारासाठीच रचला होता. 2021 मध्ये तो सर्वांना खुला झाला.

जे घरी शुश्रूषा करतात त्यांना एक विनंती. कोड्याची परीक्षा करू नका. ‘बाबा, कालच तर सांगितले होते’ या एका वाक्याने वही कायमची मिटते. अक्षरे ठळक व मोठी काढा, चष्मा पुसून द्या, पहिले अक्षर आपणच सांगा. इंग्रजी नको असेल तर मराठी अवयव घ्या: मान, पाठ, पोट, कान, नाक ही सारी दोन अक्षरांची.

मात्र रोजच्या वस्तूंची नावे काही महिन्यांत वरचेवर अडू लागली, बोलता बोलता वाक्य अर्धे सुटू लागले, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. थायरॉइडचा विकार, बी-12 जीवनसत्त्वाची उणीव, नैराश्य किंवा कमी ऐकू येणे यांमुळेही असे होते, आणि यांवर उपाय आहेत. शब्द अचानक, काही क्षणांत हरवले, जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले किंवा हातातील बळ गेले, तर तो पक्षाघात समजून त्वरित रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणण्याएवढी सवड त्यात नसते.

आता पुढील पंधरवड्यासाठी: ज्यांचे इंग्रजी नाव पाच अक्षरांचे आहे आणि त्यात ‘आर’ आहे, असे शरीराचे पाच भाग शोधावेत. एक छातीत धडधडतो, एक कवटीत आहे, एक उजव्या बरगड्यांखाली, एकावर आपण घड्याळ बांधतो, आणि पाचवा वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत नेतो.