दहावीचे वर्ष आणि बंद झालेले मैदान

मुलगा किंवा मुलगी दहावीत गेली की मध्यमवर्गीय घरात पहिली कुऱ्हाड कोसळते ती खेळावर. क्लास, सराव परीक्षा आणि जागरणे यांना वेळ हवा, म्हणून मैदानाचा तास रद्द होतो. शाळाही व्यायामाचा तास गणिताला देऊन टाकतात. यामागील पालकांची तळमळ खरी आहे. परंतु शरीरशास्त्राच्या कसोटीवर हा निर्णय टिकत नाही.

मज्जासंस्था आणि रोगप्रतिकारशक्ती यांचा परस्परांशी संबंध नाही, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९७५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी तिला धक्का दिला. त्यांनी उंदरांना गोड पाण्यापाठोपाठ प्रतिकारशक्ती दडपणारे औषध दिले. पुढे नुसते गोड पाणी पाजले, तरी त्यांची प्रतिकारशक्ती मंदावली. मेंदू जे शिकला, ते शरीराच्या रक्षकांनीही मानले. प्लीहा आणि लसिकाग्रंथींपर्यंत मज्जातंतू पोहोचलेले असतात, हेही पुढे सिद्ध झाले.

संकटाची चाहूल लागताच मेंदू मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते आणि प्लीहेत व रक्तवाहिन्यांच्या भिंतींलगत थांबलेल्या रक्षक पेशी काही मिनिटांत रक्तप्रवाहात येतात. कबड्डी खेळणाऱ्या किंवा धावणाऱ्या मुलाच्या शरीरातही हेच घडते. खेळ संपला की इशारा थांबतो आणि गस्त घालून आलेले सैन्य आपापल्या ठाण्यांवर परतते.

परीक्षेची चिंता मात्र सूर्यास्ताबरोबर मावळत नाही. महिनोन्महिने इशारा वाजतच राहिला, तर कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा नित्याचा चढउतार बिघडतो आणि रक्षक पेशींचा प्रतिसाद क्षीण होतो. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर दोनदा सारखीच लहान जखम करण्यात आली. एकदा सुटीत आणि एकदा परीक्षेच्या ३ दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरून येण्यास सरासरी ४० टक्के अधिक काळ लागला. प्रयोग लहान होता, पण त्याचा रोख स्पष्ट आहे. त्यापूर्वी १९९१ साली ब्रिटनमधील ३९४ निरोगी व्यक्तींच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून केलेल्या अभ्यासातही, ज्यांच्या मनावर ताण अधिक त्यांना सर्दी अधिक, असेच आढळले होते.

खेळणारे मूल आजारी पडणारच नाही, असा याचा अर्थ नव्हे. शक्तीबाहेरचा व्यायाम हाही एक ताणच असतो. परंतु नियमित, झेपेल इतका व्यायाम ताण ओसरण्यास मदत करतो, झोप सुधारतो आणि प्रतिकारशक्तीस बळ देतो. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे शरीरश्रम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. त्यातून दहावीचे वर्ष वगळलेले नाही.

ज्या वर्षी मुलांवर सर्वाधिक ताण येतो, नेमके त्याच वर्षी तो उतरविण्याचा हक्काचा मार्ग आपण बंद करतो. ऐन परीक्षेत मूल तापाने फणफणले, तर वाचविलेल्या त्या तासाचे मोल काय उरले? अभ्यासाच्या वेळापत्रकात मैदानाचा तास आधी लिहावा आणि उरलेला दिवस पुस्तकांना द्यावा, यातच पालकांचा खरा विवेक आहे.