घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला तिसरी पिन कशाला?

घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्यांची वाटचाल बहुधा ठरलेली असते. आधी ४४४० आयसी, मग टीडीए २०३०, हात बसला की एलएम ३८८६. त्यापुढे कधीतरी ‘आता सगळं बॅलन्स्ड करायचं’ हे खूळ डोक्यात शिरतं. लॅमिंग्टन रोडवरून तीन पिनांचे एक्सएलआर सॉकेट येतात, कॅबिनेटला मोठाली भोकं पडतात, जाडजूड केबल लागते. आणि स्पीकरमधली गुणगुण होती तेवढीच राहते!

यात बॅलन्स्ड जोडणीचा दोष नाही. आरसीएच्या साध्या केबलमध्ये मधली तार सिग्नल नेते आणि भोवतीची जाळी दोन कामं करते. ती बाहेरचा उपद्रव अडवते आणि सिग्नलची परतीची वाटही तीच असते. दोन उपकरणांच्या अर्थमध्ये जरासा फरक असला, की त्याचा प्रवाह याच जाळीतून वाहतो आणि तिच्यावर पडणारं व्होल्टेज गाण्यात मिसळतं. बॅलन्स्ड जोडणीत सिग्नलला दोन तारा, जाळी निराळी. पुढचं उपकरण या दोन तारांमधला फरक तेवढा उचलतं. दोन्हींवर सारखाच बसलेला उपद्रव वजा होतो. ग्रॅहॅम बेलने पीळ दिलेल्या तारांच्या जोडीचं पेटंट १८८१ मध्येच घेतलं होतं, आणि टेलिफोन त्याच तत्त्वावर, जाळीविना, मैलोन्‌मैल चालला. नाट्यगृहात मायक्रोफोनचे जेमतेम काही मिलिव्होल्ट ३०-४० मीटर न्यायचे असतात, तेही दिव्यांच्या डिमरला खेटून. तिथे दुसरा इलाजच नाही.

दिवाणखान्याचं गणित वेगळं. सीडी प्लेअर कमाल २ व्होल्ट देतो, म्हणजे मायक्रोफोनच्या शेकडो पट. आणि केबल मीटरभर. एवढ्या अंतरासाठी आरसीए पुरेशी आहे, हे मान्य करण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. त्यातून गुणगुण १०० हर्ट्‌झची, जरा बोचरी असेल, तर ती बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या पॉवर सप्लायची असते. कपॅसिटरला चार्ज करणारी तार आणि इनपुटची ग्राउंड एकाच पट्टीवर आणून सोडली असेल, तर बाहेर सोन्याची केबल लावूनही काही होणार नाही.

बॅलन्स्ड म्हणजे दोन तारांवर उलटसुलट सिग्नल, असा समज पक्का बसला आहे. खरी अट वेगळीच आहे: ग्राउंडच्या संदर्भात दोन्ही तारांचा इम्पिडन्स समान हवा. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्सचे बिल व्हिटलॉक यांनी हेच वर्षानुवर्षं लिहून-सांगून ठसवलं. ही समानता सहज हाती लागत नाही. एक ऑप-अँप आणि १ टक्का टॉलरन्सचे चार रेझिस्टर घेऊन नेहमीचं सर्किट केलं, तर वाईटात वाईट स्थितीत उपद्रव साधारण पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घेतले तर पाचशेव्या. म्हणजे पैसे खर्चायचेच असतील, तर ते चकचकीत सॉकेटवर न खर्चता या चार रेझिस्टरांवर किंवा लेझरने जुळवलेल्या रेझिस्टरांच्या तयार आयसीवर खर्चावेत.

दुसरी गफलत एक नंबरच्या पिनची. ही जाळीची पिन. हौशी जोडणारा ती सरळ सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला नेऊन डाग देतो, म्हणजे जाळीवरचा कचरा स्वतःच्या हाताने सिग्नलच्या घरात आणतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये या चुकीवर बोट ठेवलं, आणि तिला ‘पिन वन प्रॉब्लेम’ असं नावच पडलं. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं २००५ चं एईएस ४८ हे मानक जाळी थेट धातूच्या कॅबिनेटला जोडायला सांगतं. कितीतरी कारखान्यांतल्या मालातही हे पाळलेलं नसे, तेव्हा घरच्या कारागिराला फार बोल लावू नये.

बोल लावायचा तो प्लगची अर्थ पिन कापणाऱ्याला. लॅपटॉप चार्जिंगला लावला की गुणगुण सुरू होते आणि तिसरी पिन काढली की थांबते, हे खरं आहे. पण त्यानंतर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, तर २३० व्होल्ट त्या धातूच्या डब्यावर येतील आणि फ्यूज उडायचं काही कारण उरणार नाही. हा सल्ला देणाऱ्या दुकानदाराला तिथेच थांबवलं पाहिजे.

गुणगुण अर्थच्या लूपची असेल, तर आरसीए आणि बॅलन्स्ड यांच्यामधला मार्ग आहे, आणि तो फारसा कुणी वापरत नाही. उगमाकडे आरसी‍ए तशीच राहू द्यावी आणि अ‍ॅम्प्लिफायरला नीट बॅलन्स्ड इनपुट द्यावा. मध्ये दोन तारा आणि जाळी असलेली केबल: दोन नंबरची पिन आरसीएच्या मधल्या टोकाला, तीन नंबरची तार आणि एक नंबरची जाळी आरसीएच्या बाहेरच्या कड्याला, पण तिथवर वेगवेगळ्या नेलेल्या. उपद्रवाचा प्रवाह मग जाळीतून जातो आणि सिग्नलच्या जोडीला त्याचा स्पर्श फारसा होत नाही. बाजारातल्या तयार अ‍ॅडॉप्टरमध्ये बहुधा एक आणि तीन नंबर आतच जोडलेले असतात. तो लावला की दोन तारांच्या केबलची सगळी मेहनत फुकट जाते.